स्टार्क, को, होल्ट वगैरे: डोनाल्ड वेस्टलेकची सूची करताना

अमेरिकी रहस्यकथाकार डोनाल्ड वेस्टलेकची पुस्तकं शंभरावर आहेत, एवढं कोणीही सांगतं. नेमकी किती, असं विचारलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. माणूस काही फार जुन्या जमान्यातला नव्हे. जन्म १२ जुलै १९३३, ब्रुकलिन. मृत्यू ३१ डिसेंबर २००८, मेक्सिकोत. मुलाखती भरपूर, पुरस्कार भरपूर, अमेरिकी रहस्यकथाकारांच्या संघटनेनं १९९३ साली ‘ग्रँड मास्टर’ म्हणून गौरवलेला. तरी आकडा ठरत नाही, कारण मोजायचं काय तेच आधी ठरवावं लागतं. त्याच्या नावानं छापलेली पुस्तकं? त्यानं लिहिलेली? मित्राबरोबर निम्मी-निम्मी लिहिलेली? की त्याचं टोपणनाव लावून भलत्याच माणसानं लिहिलेलीही?

आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही दोघांनी आधी नावांची यादी केली आणि प्रत्येक नावाखाली पुस्तकं मांडली. रिचर्ड स्टार्क, टकर को, कर्ट क्लार्क, टिमथी कल्व्हर, सॅम्युअल होल्ट, एडविन वेस्ट, अ‍ॅलन मार्शल. दिसायला नीटनेटकं झालं, पण त्यात कारकीर्द दिसेना. एकट्या १९६१ सालात हा माणूस स्वतःच्या नावानं एक रहस्य कादंबरी, जॉन बी. अ‍ॅलन या नावानं एलिझाबेथ टेलरचं चरित्र, आणि एडविन वेस्ट व अ‍ॅलन मार्शल या नावांनी चावट पेपरबॅक छापवत होता. आमच्या यादीत हे चार वेगवेगळ्या पानांवर पडलं होतं. ती यादी फेकून दिली आणि पुस्तकागणिक एक कार्ड केलं. कार्डावर सात रकाने: छापलेलं नाव, मूळ शीर्षक, पहिला प्रकाशक, पहिलं वर्ष, नंतर बदललेली शीर्षकं, लिहिल्याचा काळ, आणि पुरावा. कार्डं वर्षवार लावली. नाव कोपऱ्यात, पेन्सिलनं.

शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पुराव्याचे तीन दर्जे ठरवले. ‘अ’ म्हणजे लेखकानं स्वतः कबूल केलेलं किंवा कॉपीराइटच्या सरकारी नोंदीत खरं नाव आलेलं. ‘ब’ म्हणजे पुढे खऱ्या नावानं पुनर्मुद्रित झालेलं. ‘क’ म्हणजे कोणीतरी म्हणतं म्हणून. जुन्या पुस्तकांचे विक्रेते ‘क’ला ‘अ’ म्हणून विकतात, कारण मुखपृष्ठावर कोणाचंही नाव असलं तरी वर्णनात ‘वेस्टलेक’ लिहिलं की भाव चढतो.

कॉपीराइटच्या नोंदींचा रस्ता आधी सांगतो, कारण वेस्टलेकपुरता नव्हे, त्या काळच्या कुठल्याही अमेरिकी टोपणनावी लेखकासाठी तो चालतो. जुन्या कायद्यानुसार पुस्तकाचा हक्क पहिली २८ वर्षं असायचा आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागायचा. म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी तपासता येतात. पहिली नोंद छापल्याच्या वर्षाची. ती ‘कॅटलॉग ऑफ कॉपीराइट एंट्रीज’ नावाच्या जाडजूड खंडांत मिळते. त्या काळात पुस्तकांसाठी वर्षाला दोन खंड निघत, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. हे खंड स्कॅन झालेले आहेत. दुसरी, नूतनीकरणाची नोंद २८ वर्षांनी. १९६२च्या पुस्तकाची ती १९९०च्या आसपास शोधायची, आणि १९७८ नंतरच्या नोंदी कॉपीराइट ऑफिसच्या संगणकीय यादीत असल्यामुळे खंड चाळावे लागत नाहीत. पहिल्या नोंदीत प्रकाशकानं नुसतं टोपणनाव देऊन वेळ मारून नेलेली असू शकते, कायद्याची त्याला हरकत नव्हती. नूतनीकरण मात्र लेखकाच्या हक्कानं होतं, त्यामुळे तिथे खरं नाव बाहेर येण्याची शक्यता बरीच जास्त. नुसतं पहिल्या नोंदीवर थांबणाऱ्याच्या हातून हेच निसटतं. पुस्तकाच्या आतलं कॉपीराइटचं पानही पुरावा म्हणून धरू नये. त्या ओळीत टोपणनावच छापलेलं असू शकतं.

या रस्त्याला दोन भगदाडं आहेत. १९६४ आणि त्यानंतरच्या पुस्तकांचं नूतनीकरण १९९२च्या दुरुस्तीनं आपोआप व्हायला लागलं, त्यामुळे अर्ज करायची सक्ती उरली नाही आणि नोंदी विरळ झाल्या. आणि स्वस्त चावट पेपरबॅकची नोंदणी करायला मुळात कोणाला फुरसत होती? तिथे बऱ्याचदा काहीच सापडत नाही.

त्या पेपरबॅकवर आलोच आहोत तर तेच आधी संपवू. १९५०च्या दशकाच्या अखेरीला वेस्टलेक न्यूयॉर्कमधल्या स्कॉट मेरेडिथ यांच्या साहित्यिक एजन्सीत हस्तलिखितं वाचायच्या कामाला होता. लॉरेन्स ब्लॉक हा दुसरा रहस्यकथाकारही त्याच काळात तिथलाच. एजन्सीकडून प्रकाशकांना दरमहा ठरावीक चावट कादंबऱ्यांचा पुरवठा व्हायचा आणि नव्या लेखकांना त्यातून भाड्याचे पैसे सुटायचे. कादंबरी साधारण पन्नास हजार शब्दांची. टाइप केलेल्या एका पानात अडीचशे शब्द धरले तर दोनशे पानं. दिवसाला वीस पानं बडवली तर दहा दिवसांत काम पुरं. वेस्टलेकनं १९७० साली या धंद्यावर ‘अ‍ॅडिऑस, शेहरेझाद’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक अशीच महिन्याला एक कादंबरी दुसऱ्याच्या नावावर पाडतो आणि एके दिवशी त्याचं यंत्र अडकतं. प्रत्येक वेळी पहिलं प्रकरण लिहायला बसतो आणि भलतंच, स्वतःच्याच संसाराचं लिहून ठेवतो. या धंद्याची गणितं समजून घ्यायला त्याहून चांगलं साधन नाही.

सूचीच्या दृष्टीनं ‘अ‍ॅलन मार्शल’ हे नाव म्हणजे दलदल आहे. सुरुवातीला ते वेस्टलेकचं होतं. नंतर तेच नाव लावून इतरांनी लिहिलेली पुस्तकंही निघाली, कारण प्रकाशकाला नाव हवं होतं, माणूस नव्हे. ब्लॉकबरोबरची ‘अ गर्ल कॉल्ड हनी’ आणि ‘सो विलिंग’ ही दोन पुस्तकं १९६० साली दोघांच्या टोपणनावांनी, शेल्डन लॉर्ड आणि अ‍ॅलन मार्शल अशी जोडीनं छापली गेली. ती दोन निःशंक ‘अ’मध्ये. बाकीच्यांत लेखनशैली ओळखून ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. पन्नास हजार शब्द दहा दिवसांत पाडणाऱ्या सगळ्यांची शैली सारखीच होते: छोटे संवाद, भरपूर नव्या ओळी, हवामानाची वर्णनं. आम्ही तसं एकदा शैलीवरून ‘ओळखलेलं’ पुस्तक ‘अ’मध्ये टाकलं आणि पुढे निमूट ‘क’मध्ये आणलं.

आता स्टार्क. इथे घाई करून चालणार नाही.

१९६२ साली पॉकेट बुक्सनं ‘द हंटर’ काढली. पार्कर नावाचा व्यावसायिक दरोडेखोर, साथीदारानं आणि बायकोनं दगा दिलेला, आपला वाटा वसूल करायला न्यूयॉर्कात शिरतो. वेस्टलेकनं शेवटी त्याला पोलिसांच्या हाती दिलं होतं. बकलिन मून या संपादकानं विचारलं: तो निसटला असं करता येईल का, आणि वर्षाला अशी तीन देता येतील का? त्या एका प्रश्नातून २४ पुस्तकांची मालिका निघाली. टोपणनावातलं ‘रिचर्ड’ हे रिचर्ड विडमार्क या नटावरून घेतलेलं, आणि ‘स्टार्क’ म्हणजे उघडंबोडकं, कोरडं. भाषा कशी ठेवायची याची स्वतःलाच दिलेली सूचना. पार्करला पहिलं नाव नाही. मालिका होणार हे माहीत असतं तर दिलं असतं, असं वेस्टलेक पुढे म्हणायचा. कारण इंग्रजीत ‘पार्करनं गाडी पार्क केली’ हे वाक्य टाळण्यात त्याची वर्षं गेली.

कार्डं लावताना या मालिकेचे प्रकाशकांवरून चार तुकडे पडतात आणि ते लक्षात ठेवले की बाकी सोपं जातं. १९६२ ते १९६६, आठ पुस्तकं, पॉकेट बुक्स. १९६७ ते १९६९, चार पुस्तकं, फॉसेटची गोल्ड मेडल मालिका. या चारही शीर्षकांच्या शेवटी ‘स्कोअर’ हा शब्द आहे, त्यावरून डोळे मिटून ओळखता येतात. १९७१ ते १९७४, चार पुस्तकं, रँडम हाउस, पहिल्यांदाच पुठ्ठा बांधणीत. मग २३ वर्षं काही नाही. १९९७ ते २००८, आठ पुस्तकं.

पॉकेट बुक्सच्या तुकड्यातच एक फट आहे. ‘द स्कोअर’ नावाचं पुस्तक १९६४चं, म्हणजे गोल्ड मेडलच्या आधीचं. तेच पुढे ‘किलटाउन’ नावानं छापलं. ही फट एकटी नाही. १९६७ साली ‘द हंटर’वरून ‘पॉइंट ब्लँक’ हा सिनेमा आला आणि पुस्तक त्या नावानं निघालं. १९९९ साली दुसरा सिनेमा आला आणि तेच पुस्तक ‘पेबॅक’ झालं. ‘द सेव्हन्थ’चं ‘द स्प्लिट’ झालं. ‘द हँडल’चं ‘रन लीथल’. ‘द मॅन विथ द गेटअवे फेस’ ब्रिटनमध्ये ‘द स्टील हिट’ म्हणून आलं. आपल्याकडे फूटपाथवर, रद्दीच्या दुकानात हाताला लागतात त्या बऱ्याचदा ब्रिटिश कोरोनेटच्या आवृत्त्या, त्यामुळे ही बदललेली नावं मुंबई-पुण्याच्या वाचकाला मूळ नावांपेक्षा जास्त भेटतात. एकच पुस्तक दोनदा विकत घेणं हा या मालिकेचा प्रवेशकर समजावा. टाळायचा उपाय साधा आहे: पहिलं वाक्य पाहायचं. शीर्षक बदलतं, पहिलं वाक्य बदलत नाही. बहुतेक पार्कर कादंबऱ्या इंग्रजीतल्या ‘व्हेन’नं, म्हणजे ‘जेव्हा’नं सुरू होतात, अमुक घडलं तेव्हा पार्कर तमुक करत होता. आम्ही कार्डाच्या मागे प्रत्येकाचं पहिलं वाक्य उतरवून ठेवलं. दुकानात उभ्या उभ्या जुळवायला दहा सेकंद लागतात.

आतली बांधणीही पुन्हा पुन्हा तीच, आणि हे न्यून नव्हे. बहुतेक पुस्तकांचे चार भाग. पहिले दोन पार्करच्या खांद्यावरून. तिसऱ्या भागात कॅमेरा सरकतो आणि प्रकरणागणिक दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात जातो: दगाबाज साथीदार, लुटला गेलेला सावकार, पोलीस, एखादी बाई. काळही थोडा मागे जातो. दुसऱ्या भागाच्या शेवटी पार्करला बसलेला धक्का कुठून आला ते वाचकाला कळतं, पार्करला कळत नाही. चौथ्या भागात परत पार्कर, हिशेब पुरा. हा साचा हाती असला की महिना-दोन महिन्यांत पुस्तक का निघायचं ते उमगतं. वेस्टलेक आराखडा न करता लिहायचा, आज लिहिलेलं उद्याच्याला ढकलेल या भरवशावर. पण चार भागांची चौकट हाच आराखडा होता. १९७४चं ‘बुचर्स मून’ ही चौकट मोडून बरंच लांब झालं आणि त्याच्यानंतर स्टार्क गप्प बसला. यात कार्यकारण आहे असं आमचं मत. सिद्ध करता येणार नाही.

एवढी नावं मुळात लागली कशाला? मराठी वाचकाला टोपणनावाचं अप्रूप नाही. आपण ज्यांना बाबूराव अर्नाळकर म्हणून ओळखतो ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण तिथे नाव एक आणि पुस्तकं हजारावर. वाचक वाचनालयात जाऊन ‘नवीन अर्नाळकर आलं का’ विचारायचा, आणि जितकी जास्त तितकं बरं. अमेरिकेत पुठ्ठा बांधणीचा प्रकाशक एका लेखकाचं वर्षाला एकच पुस्तक काढू पाहायचा. पुस्तक दुकानात काही महिने राहणार, परीक्षणं येणार, पेपरबॅकचे हक्क विकले जाणार. मध्येच त्याच नावाचं दुसरं आलं तर दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं खाणार. वेस्टलेकचा हात मात्र वर्षाला तीन-चार पुस्तकांचा. रँडम हाउसकडे १९६० साली त्याची पहिली रहस्य कादंबरी ‘द मर्सिनरीज’ आली, आणि उरलेला माल दुसऱ्या पाट्यांखाली विकणं भाग पडलं. म्हणजे सुरुवातीचं टोपणनाव हे तोंड लपवायला नव्हतं, जादा उत्पादन खपवायला होतं. हे एकदा पटलं की सूचीतला प्रत्येक नवा लेखक कुठल्या वर्षी आणि का उगवला ते वाचता येतं.

टकर को १९६६ साली उगवला. पाच पुस्तकं, शेवटचं १९७२चं, नायक मिच टोबिन. न्यूयॉर्क पोलिसातून काढलेला. ड्यूटीवर असताना तो एका बाईकडे होता आणि तेवढ्या वेळात त्याचा जोडीदार मारला गेला. आता तो घरामागे एक भिंत बांधत बसतो, वीटवीट, उगाच. मग कोणीतरी काम घेऊन येतं. पार्करला अपराधाची जाणीव शून्य, टोबिनला तेवढीच आहे. दोघांची पुस्तकं एकाच टेबलावर, एकाच काळात लिहिली जात होती. त्याच काळात वेस्टलेकच्या स्वतःच्या नावानं ‘द फ्युजिटिव्ह पिजन’पासून (१९६५) विनोदी कादंबऱ्या निघू लागल्या होत्या. वर्षवार कार्डांचा उपयोग इथे होतो: को आणि विनोदी वेस्टलेक शेजारी शेजारी ठेवले की दिसतं, विनोद एका नावाकडे गेला आणि ओझं दुसऱ्याकडे. टोबिन हळूहळू बरा होत गेला आणि बरा झालेला टोबिन लिहिण्यासारखा उरला नाही, म्हणून पाचावर थांबला.

बाकीची नावं भराभर. कर्ट क्लार्कनं १९६७ साली ‘अनार्केऑस’ ही विज्ञान कादंबरी दिली, एस प्रकाशनाचा क्रमांक एफ-४२१. एसच्या क्रमांकातलं अक्षर म्हणजे किंमत: एफ म्हणजे ४० सेंट. विक्रेता पहिली आवृत्ती म्हणून देत असेल आणि मुखपृष्ठावर त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर ते पुनर्मुद्रण. गंमत म्हणजे विज्ञानकथेच्या क्षेत्राला वेस्टलेकनं काही वर्षं आधीच एका जळजळीत लेखातून जाहीर रामराम ठोकला होता. टिमथी कल्व्हरनं १९७० साली माजी राष्ट्राध्यक्षावर ‘एक्स ऑफिशिओ’ हा जाडा राजकीय ठोकळा लिहिला. १९७३चं ‘कम्फर्ट स्टेशन’ जे. मॉर्गन कनिंगहॅमचं, विमानतळ, हॉटेल अशा ठिकाणांवरच्या जाड लोकप्रिय कादंबऱ्यांचं हे विडंबन एका सार्वजनिक शौचालयात घडतं. मुखपृष्ठावर शिफारस छापलेली आहे, हे पुस्तक मी लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं, अशा अर्थाची. सही डोनाल्ड वेस्टलेकची. पुराव्याच्या रकान्यात आम्ही ही शिफारसच लिहिली.

सूचीत हमखास घुसणारी दोन भुतं आहेत. पहिलं ‘चाइल्ड हाइस्ट’. १९७४च्या ‘जिमी द किड’ या विनोदी कादंबरीत डॉर्टमंडर या चोराची टोळी रिचर्ड स्टार्कची एक कादंबरी वाचून तिच्याबरहुकूम मुलाचं अपहरण करायला निघते आणि पाठोपाठ सगळं फसतं. स्टार्कच्या त्या कादंबरीतली प्रकरणं पुस्तकात दिलेली आहेत, अगदी पार्करसकट. तिचं नाव ‘चाइल्ड हाइस्ट’ आणि ती जगात इतरत्र कुठेही नाही. स्टार्कच्या यादीत ती दिसली की यादी करणाऱ्यानं पुस्तक उघडलेलं नाही असं समजावं. दुसरं भूत दुहेरी प्रकरणांचं. स्टार्कचं ‘द ब्लॅकबर्ड’ (१९६९) आणि ‘स्लेग्राउंड’ (१९७१) यांची सुरुवात एकाच दरोड्यानं होते: चिलखती गाडी लुटतात, पळताना मोटार उलटते. पहिल्या पुस्तकात आपण पार्करचा जखमी साथीदार ग्रोफील्ड याच्याबरोबर इस्पितळात जातो, दुसऱ्यात पार्करबरोबर बंद पडलेल्या जत्रेच्या मैदानात. कोणी घाईत पाहिलं तर दोन्ही एकच पुस्तक समजून एक कार्ड फाडून टाकतो. तशीच गाठ ‘प्लंडर स्क्वॉड’ (१९७२) आणि जो गोर्सची ‘डेड स्किप’ यांत आहे. गोर्सचा वसुलीवाला केर्नी माणूस शोधत एका घराशी येतो आणि पार्करशी बोलून जातो. हा प्रसंग दोन्ही पुस्तकांत आहे, एकदा दाराच्या आतून, एकदा बाहेरून. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. दृष्टिकोन म्हणजे काय, हे याहून स्वस्तात कुठे शिकायला मिळत नाही.

डॉर्टमंडरचा जन्मही स्टार्कच्याच पोटी. पार्करनं एकच मौल्यवान वस्तू पुन्हा पुन्हा चोरायची अशी कल्पना निघाली. लिहायला घेतल्यावर ती हास्यास्पद होत चालली, आणि पार्करला हसलेलं चालत नाही. म्हणून नायक बदलला. आडनाव बारमधल्या एका जर्मन बिअरच्या पाटीवरून उचललं. ‘द हॉट रॉक’ १९७० साली आली, वेस्टलेकच्याच नावानं, आणि पुढे डॉर्टमंडरच्या १४ कादंबऱ्या झाल्या. कथानक तेच, नाव बदललं की वाक्याची लांबी बदलते. स्टार्कचं वाक्य मध्येच थांबतं. वेस्टलेकचं वाक्य आणखी एक माणूस, आणखी एक सँडविच, एखादी चुकलेली बस घेऊन पुढे जातं. १९७७ सालच्या ‘मर्डर इंक’ या संग्रहात वेस्टलेकनं आपल्याच टोपणनावांचा परिसंवाद भरवला होता. वेस्टलेक, स्टार्क, को आणि कल्व्हर एकमेकांना टोमणे मारतात. थट्टा म्हणून वाचला जातो, पण कुठलं नाव कशासाठी, याचा तो चांगला दाखला आहे.

१९७४ ते १९९७ या रिकाम्या जागेत काय झालं? स्टार्कचा आवाज येईना, प्रयत्न करूनही येईना, असं वेस्टलेकनं सांगितलंय. बाकी लिखाण धडाक्यात चालू होतं. १९९०च्या ‘द ग्रिफ्टर्स’ची पटकथा याच काळातली. मग ‘कमबॅक’ आलं, आणि त्यापुढची शीर्षकं लावली की अंताक्षरी होते: कमबॅक, बॅकफ्लॅश, फ्लॅशफायर, फायरब्रेक, ब्रेकआउट. मागच्याचा शेवटचा अर्धा शब्द पुढच्याचा पहिला. क्रम पाठ करायला याहून सोपं काही नाही. सहाव्याला ही साखळी सोडून दिली.

सॅम्युअल होल्टची चार कार्डं (१९८६ ते १९८९) सगळ्यांत उदास. तोवर वेस्टलेकचं नाव झालं होतं. अनोळखी म्हणून पुन्हा सुरुवात केली तर टिकू का, हे त्याला पाहायचं होतं. नायकही तसाच निवडला, एका बंद पडलेल्या टीव्ही मालिकेचा नट, ज्याला दुसरं काम मिळत नाही. गुपित राखायचं ठरलेलं असताना प्रकाशकाकडूनच ते फुटलं आणि पहिलं पुस्तक दुकानात आलं तेच ‘हा वेस्टलेक आहे’ अशा बोभाट्यासह. करार झालेला असल्यामुळे चारही पुरी केली. यापुढे टोपणनावाचा अर्थच फिरतो. २०००च्या ‘द हुक’ या कादंबरीत ते स्पष्ट येतं: तिथल्या लेखकाला टोपणनाव घ्यावं लागतं, कारण दुकानांचे संगणक मागच्या पुस्तकाचा खप पाहून पुढच्याच्या प्रती मागवतात. खप थोडा घसरला की मागणी घसरते, मागणी घसरली की खप आणखी. नव्या नावाला मागचा खपच नसतो, म्हणून ते नाव बरं. १९६०च्या दशकात फार लिहिलं म्हणून नाव बदलायचं, १९९०च्या दशकात कमी विकलं म्हणून.

खरेदीबद्दल थोडं. रँडम हाउसची सत्तरच्या दशकानंतरची पुठ्ठा बांधणीची पुस्तकं घेताना कॉपीराइटच्या पानावरची आकड्यांची ओळ फसवते. इतर प्रकाशकांकडे १ असेल तर पहिली छपाई. रँडम हाउस पहिल्या छपाईला ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द छापून आकडे २ पासून सुरू करायचं, आणि दुसऱ्या छपाईला नुसते शब्द काढायचं. २ पाहून विक्रेते पहिली आवृत्ती दुसरी म्हणून स्वस्तात देतात. आणि शब्द नसलेली दुसरी कधी कधी पहिली म्हणून महाग. वेष्टणाच्या आतल्या कोपऱ्यात किंमत नसेल, कागद हलका असेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली एखादा दाबलेला ठिपका असेल तर ती बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेली प्रत. वाचायला उत्तम, संग्रहाला नाही. फक्त वाचायचंच असेल तर शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनानं २००८पासून पार्कर पुन्हा क्रमानं छापले आहेत, मूळ शीर्षकांसह, आणि वरचा सगळा गोंधळ टळतो.

कार्डांचा डबा अजून मिटलेला नाही. ‘मेमरी’ लिहिली १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, छापली २०१० साली. ‘लिहिल्याचा काळ’ हा रकाना मुळात अशांसाठीच. ‘द कॉमेडी इज फिनिश्ड’ त्यानं ते लिहिलं त्या सुमाराच्या एका सिनेमाशी कथानक जुळतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स या लेखकमित्राकडे हस्तलिखिताची प्रत राहिली होती, ती २०१२ साली पुस्तक झाली. २०१७ साली ‘फॉरएव्हर अँड अ डेथ’, २०२२ साली ‘कॉल मी अ कॅब’. ही चारही वेस्टलेकच्याच नावानं निघाली. टोपणनाव लावायचं कारण उरलं नव्हतं, वर्षाला एकापेक्षा जास्त आता येणारच नव्हती.